शंकाबाईंचा ‘च’

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर नीट लिहिलेलं होतं, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शंकाबाई’. बाईंना हे ठाऊक होतं. पण तेवढ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. आणखी एखादं नाव नक्की असणार आणि ते याहून वाईट असणार, असा त्यांचा संशय होता.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत बाई बावीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसत होत्या. चारशेच्या वर लिफ्ट, बारा मेकॅनिक, दोन टेलिफोन. कुठे लिफ्ट अडकली, दार लागेना, मध्येच धक्का बसला, की फोन बाईंना. त्या चिठ्ठी लिहायच्या, मेकॅनिकला धाडायच्या आणि काम झाल्याचा त्याचा फोन आला की चिठ्ठी टेबलावरच्या खिळ्याला टोचायच्या. ऐकायला सोपं आहे. पण टोचण्याआधी बाई जी उलटतपासणी घ्यायच्या, तिने मेकॅनिकांच्या नाकी नऊ येत.

‘झालं?’ बाई विचारायच्या.

‘झालं’ असं उत्तर आलं की चिठ्ठी खिळ्यावर. ‘झालंच’ असं आलं की चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ‘च’ आणि चिठ्ठी बाजूला. कारण ‘झालं’ म्हणजे झालं. ‘झालंच’ म्हणजे झालेलं नाही. सुटा भाग मिळाला की, स्क्रू सापडला की, हातातला चहा संपला की होईल. ‘निघालो’ म्हणणारा रस्त्यावर असतो, ‘निघालोच’ म्हणणारा अजून चपला शोधत असतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. फरक एवढाच, की बाकीचे ते ऐकून सोडून देतात आणि बाई अर्ध्या तासाने पुन्हा फोन करायच्या.

मेकॅनिकांमध्ये एक ताडमाड उंच माणूस होता, त्याला सगळे लांबू म्हणत. तो एकदा वैतागून म्हणाला, ‘बाई, तुमचा देवावर तरी विश्वास आहे का हो?’

‘आहे,’ बाई म्हणाल्या. ‘त्याने अजून मला “झालंच” म्हणून सांगितलेलं नाही.’

थोरले मालक थकून घरी बसले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. हे धाकटे मालक स्वभावाने वाईट नव्हते, पण कुठल्याही नव्या गोष्टीने त्यांचे डोळे चमकायचे, आणि डोळे चमकणाऱ्या माणसाजवळ बाई जपून राहत. एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. शेजारी चष्मा लावलेला एक इंजिनिअर बसला होता. कंपनीत आता एआय येणार होतं. मेकॅनिकने मोबाइलवर बोलायचं, यंत्र ते ऐकून लिहून घेणार, तक्रार आपोआप बंद करणार आणि गिऱ्हाइकाला तसा निरोपही धाडणार.

‘बाई, महिनाभर तुम्ही याच्या शेजारी बसायचं,’ धाकटे मालक म्हणाले. ‘ते चुकलं की सांगायचं. ते तुमच्याकडूनच शिकणार आहे.’

‘आणि शिकून झाल्यावर?’

‘मग काय, तुमचा भार हलका!’ मालक हसले.

बाईंना ते हसू मुळीच आवडलं नाही. भार हलका करायचा म्हणजे कुणालातरी खाली उतरवायचं, हे लिफ्टच्या कंपनीत कुणी समजावून सांगायला नको होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घर एकट्या बाईंच्या पगारावर चालत होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा एके काळी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. आता दुपारी पेपर वाचायचा आणि त्यातल्या टायपिंगच्या चुकांवर पेनाने गोल करायचा.

‘मग शिकव की,’ तो म्हणाला.

‘अहो, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ?’

‘अगं, आम्ही चौदा टायपिस्ट एका रांगेत बसायचो. एकानेही कॉम्प्युटरला एक अक्षर शिकवलं नाही. तरी टाइपरायटर गेलेच ना?’

तो बोलला ते खरं होतं, म्हणून बाईंना त्याचा जास्तच राग आला. त्या भांडी घासायला उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई यंत्राशेजारी बसू लागल्या. इमारतींची नावं चुकली की सांगत, पत्ते दुरुस्त करून देत. कुणी म्हणालं नसतं की बाई कामचुकार आहेत. तिसऱ्या दिवशी लांबूचा आवाज आला, ‘बँकेच्या इमारतीतला धक्का, झालंच.’ यंत्राने ‘झालंच’ असं अगदी बरोबर लिहिलं आणि पुढे हिरवी खूण करून तक्रार बंद केली. त्याला वाटलं असावं, ‘च’ लावलाय म्हणजे काम जरा जास्तच झालंय.

चष्मेवाल्याने विचारलं, ‘बरोबर?’

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सगळं काढून घेतील, एवढं एक अक्षर तरी आपल्यापाशी राहू दे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मान डोलावली.

पण मान डोलावली म्हणून जीव स्वस्थ बसतो थोडाच! जेवणाच्या सुट्टीत बाई डबा तसाच ठेवून जिन्यात गेल्या आणि स्वतःच्या मोबाइलवरून लांबूला गाठलं. ‘काय राहिलंय रे?’ लांबूने नेहमीसारखं कबूल केलं, नेहमीसारखं कुरकुरत काम पुरं केलं. मग तो रोजचा नेमच झाला. सकाळभरातले सगळे ‘च’ बाई लक्षात ठेवत आणि दुपारी जिन्यात उभं राहून एकेकाचा पिच्छा पुरवत. एक ना एक दिवस हे यंत्र तोंडावर आपटेल आणि मग यांना माणसाची किंमत कळेल, असं त्या स्वतःला सांगत. मात्र त्याला आपटू देत नव्हत्या त्याही बाईच.

महिना संपला. यंत्राने बंद केलेली एकही तक्रार परत आली नव्हती. चष्मेवाल्याने भिंतीवर रंगीत आलेख दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

‘शंभर टक्के!’ धाकटे मालक म्हणाले. ‘बाई, तुम्ही फार छान शिकवलंत. एक तारखेपासून हे टेबल काढून टाकू. तुमचा हिशेब मी व्यवस्थित करून देतो.’

बाईंना आधी कळेचना, मग लख्ख कळलं. महिनाभर उपाशीपोटी जिन्यात उभं राहून त्यांनी जे राखलं, ते सगळं यंत्राच्या नावावर लागलं होतं. आपल्या वाईटावर आपणच टपलो होतो, आणि कुणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लांबूचा आवाज आला. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक, झालंच.’ हिरवी खूण. निरोप गेला.

दाराचं लॉक म्हटल्यावर बाई सुट्टीपर्यंत थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत त्यांनी लांबूला फोन लावला.

‘लॉक आणायला दुकानात आलोय, बाई. काळजी नको, लिफ्ट बंद करून पाटी लावलीय.’

बाईंनी इमारतीच्या वॉचमनला फोन लावला. ‘पाटी आहे ना जागेवर?’

‘काढली की. तुमचाच निरोप आला, लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून. चालू केली मी.’

‘तिसऱ्या मजल्यावर काय आहे?’

‘लहान मुलांचा दवाखाना.’

लॉक नसलेलं दार लिफ्ट तिथे नसतानाही उघडतं, आणि आत पाऊल टाकलं की खाली तीन मजल्यांची पोकळी. ‘आधी मेन स्विच बंद करा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि जिन्याने वर जाऊन त्या दाराला पाठ लावून उभे राहा. लांबू येईपर्यंत हलायचं नाही. फोन ठेवू नका.’ वॉचमन कुरकुरत जिना चढू लागला. त्याच्या धापा बाई कानाला फोन लावून ऐकत राहिल्या.

‘बाई,’ शेवटी तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. ‘नुसतं ओढलं तरी उघडतंय हे. इथे समोर दोन पोरं खेळतायत.’

‘पाठ लावून उभे राहा,’ बाई पुन्हा म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं. निरोप सकाळी जात होते आणि आपले फोन दुपारी. मधले दोन-तीन तास महिनाभर कोणी सांभाळले? आपण तर नाहीच. नशिबाने सांभाळले, आणि नशिबावर तर बाईंचा कधीच भरवसा नव्हता.

त्या उठून सरळ केबिनमध्ये गेल्या. मालक आणि चष्मेवाला दोघंही तिथे होते.

‘“झालंच” म्हणजे झालेलं नसतं,’ बाई म्हणाल्या, आणि आत्ता काय घडलं ते सगळं सांगितलं. जिन्यातले फोनही सांगितले.

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. ‘अहो, मी स्वतः घरी “आलोच” म्हणतो आणि तासाभराने पोचतो!’ त्याने लगेच लॅपटॉप ओढला. बावीस वर्षांचा ‘च’ पाच मिनिटांत आत गेला.

‘महिनाभर तुम्हाला हे माहीत होतं?’ मालकांनी विचारलं.

‘होतं.’

‘आणि बोलला नाहीत?’

‘बोलले असते तर टेबल तेव्हाच गेलं असतं.’ बाई म्हणाल्या. ‘चुकले मी. त्या पोरांना काही झालं असतं तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. पण एवढं सगळं शंभर टक्के कसं येतंय, हे तुम्हीही एकदा विचारलं नाहीत.’

तेवढ्यात लांबूचा फोन आला. लॉक बसलं होतं, त्याने आणि वॉचमनने दार आळीपाळीने ओढून पाहिलं होतं. बाईंनी ते तसंच्या तसं दोघांना सांगितलं.

‘टेबल राहू दे,’ मालक म्हणाले. ‘तुम्ही थांबा, बाई.’

‘लेखी द्या.’

मालक हसले. बाई हसल्या नाहीत. तेव्हा मालकांनी कंपनीच्या नावाचा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद पुढे सरकवला. ‘गरज असेपर्यंत बाईंना तक्रारींच्या कामावर ठेवण्यात येत आहे.’

बाईंनी तो दोनदा वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

‘कुणाची गरज, तेही लिहा.’

धाकट्या मालकांनी पेनाचं टोपण काढलं, लॅपटॉपकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि टोपण पुन्हा लावलं.