जबल हफीतच्या गारांत गाडी कोणी उतरवली

शुक्रवार, १४ जानेवारी २००५. संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. स्थळ: शारजातल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. संक्रांतीचा दिवस. माझ्या हातून तिळगूळ घेऊन तोंडात टाकला आणि तो विरघळायच्या आत माझे जावई शिरीषराव माझ्या मुलीला म्हणाले, "मेधा, आज आई गाडी चालवत होत्या तेव्हा घसरली. नशीब, मी वेळेवर ताबा घेतला. आता या वयात आईंनी ड्रायव्हिंग बंद करावं."

घडलं ते बरोबर याच्या उलट. कसं, ते क्रमाने लिहिते. हिवाळ्यात अल ऐनजवळच्या जबल हफीत डोंगरावर जायचा कोणाचा बेत असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

जायचं गुरुवारी संध्याकाळी ठरलं. अल ऐनच्या एका मित्राचा शिरीषरावांना फोन आला, "अरे, डोंगरावर गारांचा सडा पडलाय, पांढरं झालंय सगळं!" या देशात वीस वर्षं काढलेल्या माणसाला थंड पांढरं काही दिसणार म्हटलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मेधाची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती, म्हणून निघालो तिघंच: शिरीषराव, माझी नऊ वर्षांची नात रिया आणि मी. सोबत थर्मास, तिळाच्या वड्या, शाली आणि एक मोठा रिकामा कूलर. तो बर्फ भरून घरी आणण्यासाठी! आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी कुटुंबं असा कूलर घेऊन डोंगर चढतात, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यात बादलीभर पाणी उरतं.

गाडी शिरीषरावांची लाडकी. दोन दारांची, बसकी, लालभडक, हाताच्या गिअरची. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, टायर रुंद आणि झिजून गुळगुळीत. मागे बसायचं तर घडी घालून बसावं लागतं. मी म्हटलं, "मेधाची छोटी गाडी नेऊ या." ती गाडी एरवी मीच चालवते. रियाला शाळेत सोडते, मासळीबाजारात जाते. बावीस वर्षांपूर्वी पाचव्या टेस्टला लायसन्स मिळालं, आणि तेव्हापासून पोलिसाने मला एकदाही बाजूला घेतलेलं नाही.

"आई, तिच्यात डोंगर चढायचा दम नाही," जावई म्हणाले. विषय संपला.

सकाळी साडेआठला निघालो. शारजा ते अल ऐन दोन तास धरा, रस्ता उत्तम, दोन्ही बाजूंना उंटांसाठी कुंपण. वाटेत टाकी भरली. "साठ दिरहम, म्हणजे सातशेवीस रुपये," शिरीषराव मोठ्याने म्हणाले. रुपयांत ऐकल्याशिवाय त्यांना खर्च झाल्यासारखा वाटत नाही. मग ते चहा आणायला गेले आणि मी समोरच्या कप्प्यातून गाडीचं हँडबुक काढलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर प्रत्येक पेपराच्या आधी बजावायच्या, "गर्ल्स, रीड द इन्स्ट्रक्शन्स फर्स्ट." साठी उलटली तरी ती सवय सुटलेली नाही. हिवाळ्यातल्या ड्रायव्हिंगची पानं एकमेकांना चिकटून होती. मी ती नखाने सोडवली.

शिरीषराव कप घेऊन आले आणि हसले. "आई, दुबईत ते पान कोण वाचणार?"

"मी," म्हटलं, आणि वाचलं. बर्फावर ब्रेकवर उभं राहू नये. हँडब्रेक ओढू नये. वरचा गिअर, हलका पाय. चाकं फिरत राहिली तर गाडी जागची हलत नाही. पुढच्या चाकांखाली वाळू किंवा खडी घालावी. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी धरू द्यावी.

डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत साधारण बारा किलोमीटरचा घाट, वळणावळणांचा, पण रुंद. आदल्या दिवशीच्या गारा वितळून गेल्या होत्या. वरच्या पार्किंगमध्ये नुसतं ओलं डांबर पाहून रिया रडवेली झाली. "पपा, यू प्रॉमिस्ड स्नो!"

साडेबाराच्या सुमाराला आभाळ एकदम जवळ आलं. आधी टपावर चार ठोके, मग दगडफेकच. आम्ही गाडीत कोंडून बसलो. पाऊण तासाने आवाज थांबला तेव्हा बाहेर दुधासारखं पांढरं. मग काय विचारता! लोक चपलांनिशी नाचताहेत, बोनेटवर बाहुल्या करताहेत, एक अरब आजोबा कंदुऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्याच्या, ओच्यात गारा गोळा करताहेत. खरं सांगते, मीही मूठभर उचलल्या. बोटं बधिर झाली तरी सोडवेनात. कूलर काठोकाठ भरला.

"शिरीषराव, थोडं थांबू या. ऊन आलं की रस्ता मोकळा होईल."

"सगळे निघतील मग, आई. ट्रॅफिक होईल. मी वाळूत गाडी चालवतो, हे काय आहे? यल्ला, चला!"

चूक झाली ती इथे. इथल्या प्रत्येक पुरुषाला वाटतं, वाळू जमली की सगळं जमलं. त्यांनी वाळूत सोडतात तशी टायरमधली हवा थोडी सोडली आणि वाळूत घेतात तसाच जोर घेऊन निघाले. मी पुढे, रिया मागे. पहिलं वळण कसंबसं निभलं. दुसऱ्या वळणावर समोर एक पांढरी टॅक्सी उभी दिसली, आणि शिरीषरावांनी ब्रेकवर पाय रोवला, वर हँडब्रेकही ओढला. गाडीची शेपूट सुटली. डोंगर माझ्या खिडकीतून सरकत गेला, मग आभाळ, मग खालचं अल ऐन, काडेपेटीसारख्या घरांसकट. कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी आडवी थांबली.

मागून आवाज आला, "आजी, आर वी गोइंग टू डाय?"

"नो," मी म्हटलं. तोंडातली वडी मात्र रुमालात काढून ठेवली.

शिरीषरावांनी रिव्हर्स टाकून रेस दिली. पुढची चाकं भिरभिरली आणि नाक कठड्याकडे आणखी चार बोटं सरकलं. त्यांनी स्टिअरिंग सोडलं. घाबरलेल्या माणसाला मी नावं ठेवत नाही. मीही घाबरले होते. पण कोणीतरी ते पान वाचलेलं होतं.

"शिरीषराव, उतरा. रियाला घ्या आणि डोंगराच्या बाजूला उभे राहा."

टॅक्सीवाला पठाण धावत आला. त्याच्या साक्षीने आमचा कूलर रस्त्यात उपडा झाला, बर्फासकट. खडकाच्या कपारीखाली कोरडी खडी होती. ती त्याने आणि शिरीषरावांनी कूलरमध्ये भरून आणली आणि मी दाखवलं तिथे पुढच्या दोन्ही चाकांखाली पसरली. मी सीट पुढे ओढली. बावीस वर्षांत पाय इतका हलका कधी ठेवला नव्हता. रिव्हर्स, अर्धा क्लच. चाक एकदा फिरलं. दुसऱ्यांदा खडीने धरलं.

"आई, रेस द्या! रेस!" जावई ओरडले.

"तुम चुप खड़े रहो," पठाण त्यांना म्हणाला, "अम्मा ठीक चलाती है."

गाडी सरळ झाली. दोघांना आत घेतलं. पहिला गिअर, माणसाच्या चालीने, ब्रेकला पाय न लावता. प्रत्येक वळणाआधी वाटे, आता सुटणार. शिरीषराव डोळे मिटून दाराची मूठ धरून बसले होते. रिया वळणं मोजत होती. अकराव्या वळणाला काळं डांबर दिसलं. पायथ्याला मी गाडी थांबवली आणि कडेला जाऊन उलटी केली. हेही लिहून टाकते, म्हणजे नंतर कोणी नव्याने शोधून काढायला नको. टायरमध्ये हवा भरून तिथून घरापर्यंत शिरीषरावांनी चालवली. वाटेत ते रियाशी काहीतरी हळू बोलले. मला वाटलं, धीर देत असतील.

जाणाऱ्यांना माझं सांगणं: टायर तपासा, गारा थांबल्यावर दोन तास वरच बसा, वरच्या हॉटेलातला चहा महाग आहे पण बसायला मिळतं. कूलर न्या, पण खडीसाठी.

शनिवारी सकाळी खुंटीवरून मेधाच्या गाडीची किल्ली गायब होती. "आई, शिरीष म्हणतो ते तुझ्या काळजीपोटीच ना," मेधा म्हणाली. ती तिथे नव्हती. तिला दोष देत नाही. रिया आता शेजाऱ्यांच्या कार-लिफ्टने, म्हणजे महिन्याचे पैसे देऊन त्यांच्या गाडीतून, शाळेत जाते, आणि मी खिडकीतून पाहते.

काल दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लावलं. "आजी, पपा सेड नॉट टू टेल ममा. इज इट लाइंग इफ आय जस्ट डोंट से एनीथिंग?"

मी मेधाला तेव्हाच हाक मारू शकले असते. पण मग नऊ वर्षांच्या मुलीला बापाविरुद्ध साक्षीला उभं करावं लागलं असतं. ते मी करणार नाही. तिला म्हटलं, "तू काही बोलायचं नाहीस. याचं उत्तर पपा देणार आहेत."

तेव्हा शिरीषराव, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, माझी मुदत तितकी लांब नाही. शुक्रवार, २१ जानेवारी, दुपारी बारा वाजेपर्यंत मला लेखी उत्तर हवं: दुसऱ्या वळणावर गाडी कोण चालवत होतं आणि ती खाली कोणी आणली. तुमच्या हस्ताक्षरात, खाली सही. कागद माझ्या हातात देऊ नका. आधी मेधाला द्या, मग रियाला वाचून दाखवा. किल्ली त्यानंतर खुंटीवर लावली तरी चालेल.