नाव न घेता

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचे आणि तिथला समुपदेशन कक्षही सांभाळायचे. कक्ष म्हणजे ग्रंथालयामागची अरुंद खोली, दोन खुर्च्या आणि कुलपाचं कपाट. येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक कागद वाचून दाखवायचे. इथे बोललेलं इथेच राहील. जिवाला धोका असेल तरच बाहेर सांगावं लागेल. तुझ्या नोंदी तुला पाहता येतील, माझ्याविरुद्ध तक्रारही करता येईल. तू मात्र वेळेवर यायचं, जमणार नसेल तर आधी कळवायचं.

बहुतेक मुलं न ऐकताच सही करत. एका मुलीनं कागद पुन्हा वाचायला लावला, मग सही केली. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिचं गाव एटापल्लीच्याही आत, जंगलात. घरी सगळे गोंडी बोलणारे.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, हॉस्टेलातल्या पोरी माझ्या बोलण्यावर हसतात. मंग मी बाथरूमात जाते, नळ चालू करते अन् आमच्या भाषेत माझ्याशीच बोलत राह्यते. तेवढं बोललं की बरं वाटते. हे कोनाले सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

डिसेंबरात कॉलेजात मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत प्राचार्य. मी गोपनीयतेवर बोलत होते आणि मुलं कंटाळून मोबाईल काढू लागली होती. त्यांचं लक्ष वेधायला मी म्हटलं, "नाव घेत नाही, पण एटापल्लीकडची एक मुलगी..." आणि नळाची सगळी गोष्ट सांगून टाकली. सभागृह शांत झालं. मला वाटलं, गोष्ट मनाला भिडली. नंतर दिसलं, मागच्या रांगेतल्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. एटापल्लीकडची आमच्या कॉलेजात ती एकटीच होती. टाळ्या पडल्या, आणि मी त्या घेतल्या.

दोन दिवसांनी ती आली, ठरलेल्या वेळी. बसली नाही.

"मॅडम, तुम्ही नाव नाई घेतलं."

"अगं, तुझ्यासारख्या मुलींना धीर यावा म्हणून..."

"पोरी बाथरूमचं दार ठोकतात. म्हणतात, आज कोनाशी बोलून राह्यली? मी आता आंघोळीले पहाटे जाते, सगळ्या झोपल्या असताना."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली आणि विचारलं, "त्या कागदावर तक्रारीचं होतं ना? कोनाकडे करायची?"

इथे मी जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. मी म्हटलं, "आपण दोघी मिळूनच सोडवू ना. उगाच कशाला वर न्यायचं?" "कोनाकडे करायची?" तिनं पुन्हा विचारलं. शेवटी मी प्राचार्यांच्या नावाचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उभ्यानंच लिहिला, चार ओळींत. एकही शब्द वाढवून लिहिला नव्हता.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "नाव तर घेतलं नाही तुम्ही. तिले समजावून सांगा, होऊन जाते असं कधीकधी," ते म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं. पण मी सांगितलं की तक्रार खरी आहे. तसं लेखी दिलं आणि कक्षाचं काम सोडलं. हॉस्टेलच्या वॉर्डननी तिला दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली. चिडवणं कमी झालं, संपलं नाही. तिनं कॉलेज मात्र सोडलं नाही. माझ्या वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही.

पुढच्या वर्षी कक्ष एका नव्या बाईंकडे गेला. एकदा मी ग्रंथालयात असताना ती पहिल्या वर्षाच्या एका मुलीला घेऊन कक्षाच्या दाराशी उभी दिसली. दोघी गोंडीत बोलत होत्या, चांगल्या मोठ्यानं. मला बघून थांबल्या. तिनं नमस्कार केला, मग त्या मुलीला मराठीत म्हणाली, "जा. आतल्या बाई दुसऱ्या आहेत."

ती मुलगी आत गेली. मी हातातलं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ एकाच पानावर होते.