सोनाआजीची हाक

आज सावेडीत सोसायटीवाले गवत कापत होते. तो ओला वास आला आणि मी थेट एकाहत्तर सालात, भंडारदऱ्याकडच्या आमच्या शाळेत! पंधरा ऑगस्ट, मी सातवीत. गावची गुरं वळणारी सोनाआजी भाषणाला उभी होती. इंग्रजांनी डोंगरातल्या चराईवर कर लावला, गावानं तो भरला नाही, म्हणून शिपायांनी गुरं कोंडवाड्यात घातली. ती गुरं म्हणे हिनं सोडवली! पण तुरुंगात न गेल्यामुळे तिचं बोलणं कुणी खरं मानायचं नाही.

पाहुणे साहेब हसले. "कुलूप फोडलंत की काय, आजी?"

"न्हाई ओ. मी नुसती हाक मारली. फाटक गुरांनीच मोडलं."

सगळी शाळा खो खो हसली. मीसुद्धा! आज त्या हसण्याची लाज वाटते. आजीनं पदर खोचला आणि माळाकडे तोंड करून हाक दिली, "हीयोऽऽ हो!"

अहो, माळावरची सगळी गुरं उधळत मैदानात! एका गाईनं साहेबांचा हार खाल्ला. साहेब टेबलावर चढून ओरडले, "पटलं, आजी, पटलं! आता माघारी धाडा यांना!"

"माघारी धाडायची हाक मला येत न्हाई, सायेब," आजी म्हणाली. "तवा बी येत नव्हती."