उभी राहिली ती भिंत

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते. हातात एक संमतीपत्र होतं, त्यावर त्यांची सही हवी होती. आत मीटिंग चालू होती. फोनवर प्रज्ञाची आई होती. मी त्यांना मावशी म्हणते. त्या एवढंच म्हणाल्या, "शोभा, आता पळापळ करू नको बाई. गेली ती." मी तरीही बसूनच राहिले. शिपायानं येऊन सांगितलं की साहेब आज भेटायचे नाहीत, तेव्हा कुठं उठले. बाहेर येऊन रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की दवाखान्यानं तिला केव्हाच घरी पाठवलं होतं... मग रिक्षा उस्मानपुऱ्याकडं, तिच्या घराकडं वळवायला सांगितली. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले.

डॉ. प्रज्ञा साळवे आणि मी एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवायचो, मुकुंदवाडीच्या बाजूला. ती मला सीनियर, पण पहिल्याच महिन्यात तिनं "मॅडम म्हणायचं नाही" असं बजावून टाकलं होतं. तिचे वडील लवकर गेले. मावशींनी शाळेत सेविकेची नोकरी करून तिला शिकवलं. प्रज्ञा शाळेत शिकत असताना तिची सख्खी मावशी गावाकडं भिंतीखाली गेली होती. ना भूकंप, ना पूर. तीन दिवस भिजलेली दगडमातीची भिंत सकाळी स्वयंपाक करणाऱ्या बाईवर येऊन पडली. त्यावर प्रज्ञा फार बोलायची नाही. पण पुढं तिनं जे जे केलं ते सगळं त्याच एका भिंतीबद्दल होतं, असं मला आता वाटतं.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. अण्णांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, आता थोडी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन आहे. घर तसलंच, दगडमातीचं. एका रविवारी मी प्रज्ञाला जेवायला घेऊन गेले, तर ही बाई चपला काढायच्या आधी घराला एक फेरी मारून आली. मागच्या भिंतीला फुगा आला होता. तिथल्या भेगेत तिनं कोपरापर्यंत हात घातला. अण्णा घाबरले. म्हणाले, "बाई, हात नका घालू, इंचू असतोय त्यात." तिनं हात बाहेर काढला नाही. "विंचू परवडला काका," ती म्हणाली, "ही आतली पोकळी नाय परवडत." मग तिथंच उभी राहून तिनं अण्णांना समजावलं, की अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची, आणि मधे नुसता भराव. दोन्हींना धरून ठेवणारं काहीच नसतं. हादरा बसला, पाणी मुरलं, की बाहेरची बाहेर पडते आणि आतली आत, झोपलेल्या माणसावर. अण्णांनी दारातून आतल्या अंथरुणांकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय, पण मग झोपावं कुठं?" या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच तिचा पुढचा सगळा काळ झाला.

महाविद्यालयाच्या मागं एक पत्र्याची शेड होती. चिकलठाण्याच्या भंगारातून लोखंड आणून तिनं तिथं आडवे हादरे देणारं एक टेबल उभं केलं आणि त्यावर आमच्या गावच्या दगडांनी, आमच्याच गावच्या गवंड्याकडून भिंती बांधून घेतल्या. भिंतीवर सेन्सर लावायचे, टेबल हलवायचं, भिंत कुठं किती सरकली ते मोजायचं. पहिली भिंत पडली. दुसरी पडली. तिसरीत दोन्ही बाजूंना धरणारे लांब दगड घातले होते, तीही उशिरा का होईना पडलीच. या तिन्ही भिंतींची सगळी मोजमापं, व्हिडिओ, फोटो तिनं एका वेबसाइटवर ठेवले. जगभरातले इंजिनियर आपापल्या प्रयोगांची माहिती तिथं ठेवतात. कुणीही ती उतरवून घेऊन स्वतःचं गणित मांडावं, चुका काढाव्यात. विभागप्रमुखांना ते आवडलं नव्हतं. पडलेल्या भिंती जगाला दाखवून कॉलेजचं काय नाव होणार, असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "सर, पडली हीच तर माहिती आहे."

एकदा परदेशातल्या कुठल्याशा विद्यार्थिनीनं तिला कळवलं, की दुसऱ्या भिंतीच्या एका सेन्सरची दिशा उलटी नोंदवली गेली आहे. मला वाटलं हिला ओशाळल्यासारखं होईल. तर ती दिवसभर खुशीत. कॅन्टीनमध्ये चहा सांगत म्हणाली, "बघ शोभे, माझ्याच कपाटात ठेवली असती तर चूकही कपाटातच राहिली असती. आता दोघींना माहितीय." आकड्यांशिवाय कुणी काही छातीठोक बोललं की ती हात पुढं करायची, "दाखव." एवढंच. विद्यार्थी तिला मागं 'दाखव मॅडम' म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं.

चौथी भिंत उभी राहिली. भिंतीतून आरपार तार ओवून दोन्ही बाजूंना जाळीच्या पट्ट्या आवळल्या होत्या, कुठल्याही गावात मिळेल असलं सामान. टेबल पूर्ण जोरात हललं, माती झरझर गळाली, धुरळा खाली बसला... आणि भिंत जागेवर. गवंडी तिच्याकडं बघून हसत होता आणि ती मात्र मटकन खाली बसली होती. मला वाटलं आनंदानं बसली. पोटात दुखत होतं म्हणून बसली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

पुढच्या तपासण्यांत अंडाशयाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. आणि नेमकं त्याच सुमारास विभागप्रमुखांना भिंतीत रस आला. आता कुठं जपून ठेवण्यासारखं काही हाती आलंय, आधी पेटंट करू, तोवर ही माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांच्या लेखी हे तिच्याच भल्याचं होतं. त्यांच्याकडं वेळ होता, तिच्याकडं नव्हता, फरक इतकाच.

केमोच्या खुर्चीत हाताला सलाईन असताना ती मला सांगायची आणि मी तिच्या लॅपटॉपवर उतरवायचे. कुठला सेन्सर कुठल्या दगडावर, तार किती आवळली होती, माती कुठली. हे नुसत्या आकड्यांत दिसत नाही, ते तिच्या डोक्यात होतं. मधेच तिला मळमळायचं, शब्द तुटायचा, मी थांबायचे. ती चिडायची, "तू कशाला थांबतेस? लिही." पुढं पुढं ती एकच गोष्ट दोनदा सांगू लागली, मग उजवीकडचं डावीकडं सांगू लागली. मी प्रयोगाचे फोटो उघडून पडताळायचे आणि तिला कळू न देता दुरुस्त करायचे. मला भिंतीची भीती वाटत नव्हती. प्रज्ञा स्वतः विरत चालली होती, त्याची वाटत होती.

एका दुपारी तिनं परवानगीची वाट बघणं सोडून दिलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन स्वतःच्या बोटानं तिनं चौथी भिंत त्या वेबसाइटवर प्रकाशनाला पाठवली. तेवढ्यानंही दमली, पण चेहरा निवांत झाला. दोन दिवसांनी वेबसाइटकडून सभ्य भाषेत उत्तर आलं, की प्रयोग संस्थेच्या साधनांवर झाला आहे, तेव्हा संस्थेचं संमतीपत्र जोडावं. तोवर तिची शुद्ध येत-जात होती. मी आणि मावशी पलंगाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बघितली का कुणी?" मावशी तिच्या कपाळावरनं हात फिरवत म्हणाल्या, "बघितली गं माय. लई लोकांनी बघितली." प्रज्ञानं हात जरासा पुढं केला. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी तो हात हातात घेतला, दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

त्या कागदासाठी मी तिच्यानंतरही खेटे घातले. घाईनं काही होत नसतं, असं मला सांगण्यात आलं. नियमाप्रमाणं चौथ्या भिंतीच्या माहितीचा ताबा संस्थेकडं गेला. वेबसाइटच्या ज्या पानावर मी ओळ न् ओळ लिहिली होती ते आता मला उघडत नाही. प्रयोगशाळेतली मूळ मोजमापं विभागाच्या कपाटात कुलूपबंद आहेत. गावी आमच्या घराच्या एका खोलीला मी त्याच गवंड्याकडून तार ओवून घेतली, अण्णा आणि आई आता तिथं झोपतात. शेजारपाजारचे विचारतात, आमच्या घराला किती तार लागंल? प्रत्येकाची भिंत वेगळ्या जाडीची, वेगळ्या उंचीची. एका भिंतीवरून शंभर भिंतींचं गणित मांडणारी माणसं त्या वेबसाइटवर आहेत, आणि त्यांना आमच्या फक्त पडलेल्या भिंती दिसतात. जगाच्या लेखी प्रज्ञा साळवे या बाईनं तीन भिंती बांधल्या आणि तिन्ही पडल्या.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर दर रविवारी मी उस्मानपुऱ्यात जाते. तिची खोली मावशींनी तशीच ठेवली आहे. परवा तिथंच लॅपटॉप उघडून बसले असताना वेबसाइटवर तिसऱ्या भिंतीच्या पानाखाली एक प्रश्न आलेला दिसला. नेपाळातला कुणी इंजिनियर होता. तुमच्यासारखीच आमचीही भिंत पडली, त्यानं लिहिलं होतं, यानंतर तुम्ही आणखी काही करून पाहिलंत का? मी तो मावशींना मराठीत सांगितला.

"मग सांग की त्याला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मोजमापं देता येत नाहीत.

"मापं नको देऊ. उभी राहिली एवढं तरी सांग."

मी लिहिलं. डॉ. साळवे आता नाहीत. त्यांनी चौथी भिंत बांधली होती आणि ती उभी राहिली. चहा होईपर्यंत त्याचं उत्तर आलंसुद्धा. वाईट वाटल्याचं त्यानं आधी लिहिलं होतं, मनापासून लिहिलं असावं. आणि खाली एक ओळ होती: आकडे पाहायला मिळतील का?

मावशींनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी लॅपटॉप मिटायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे उघडा," त्या म्हणाल्या, "माणूस वाट बघत असंल."