बसून ऐकणारी माणसं

डावीकडे मान वळवली की भाऊ नायक व्हायचे, उजवीकडे वळवली की नायिका. आमच्या वडगावच्या बँडला गायिका परवडत नव्हती, म्हणून द्वंद्वगीतातली दोघंही तेच. बायकी आवाज असा लागायचा की कामशेतच्या एका वरातीत नवरदेवाचे आजोबा बँडच्या गाडीमागं जाऊन, "बाई कुटं बसवलीया?" म्हणून शोधत होते. आणि भाऊंनी वडगावात वरचा सूर लावला की खंडाळ्याच्या बोगद्यात मालगाडीचा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची पत तालुक्याला ठाऊक आहे.

मी त्याच बँडात ढोल बडवायचो.

"फर्माईश बोला!" हे भाऊंचं पालुपद. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. एकदा वरात संपली, नवरी घरात गेली, मांडव सोडणारे दोघंच उरले. त्यांनी मागितलं, तर त्या दोघांसाठीही भाऊ पाच गाणी गायले. मग गाडीवरून उतरून मला म्हणाले, "तीस वर्सं झाली. लोक नाचत्यात, भांडत्यात, बांबू सोडत्यात. बसून कुनी ऐकलं न्हाई रं."

मग टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची निवड पुण्यात होणार, वयाची अट नाही, अशी बातमी आली. भाऊंनी तिच्यातलं एवढंच उचललं, की तिथं तीन परीक्षक असतात आणि ते खुर्च्यांवर बसलेले असतात.

"बसल्यात म्हंजे मधीच उठून जानार न्हाईत?"

"भाऊ, त्यांना बसायचाच पगार असतो."

आठ दिवस त्यांनी ज्येष्ठमध चघळलं आणि नुसत्या खुणा केल्या. वहिनी म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं घरात येवडी शांतता न्हवती. लय बरं वाटतंय." आम्ही सगळे हसलो.

सकाळी सातला पोचलो तर रांग शिवाजीनगरपासून हडपसरपर्यंत. मी काही मोजली नाही. छातीवर नंबर चिकटवून उभे राहिलो. आमच्या पुढं तळेगावची एक मुलगी होती, घाबरून रडत होती. भाऊ तिला म्हणाले, "फर्माईश बोल, पोरी. भीती जाती."

एक गाणं झालं. मग मागच्या आजींनी मागितलं. मग गेटवरच्या वॉचमननं, मग कुल्फीवाल्यानं. मी शर्ट ओढून म्हणालो, "भाऊ, गळा राखा!"

"येकच. आजी सोलापुरास्नं आल्यात."

त्यांची ती एक-एक फर्माईश संध्याकाळी पाचपर्यंत चालली. नंबर पुकारला तेव्हा भाऊ घाम पुसत आत गेले. मी दाराशी कान लावला. फाटलेल्या कातड्याचा ढोल वाजतो, तसा आवाज आला. आतून कुणीतरी "धन्यवाद" म्हणालं. भाऊ बाहेर आले तेव्हा माझा दाराला लावलेला कान अजून निघाला नव्हता.

परतीच्या गाडीत देहूरोड मागं पडलं. मग भाऊ कुजबुजले, "तिघंबी बसली व्हती रं. आन माज्याकडंच गळा न्हवता."

तो गळा पुन्हा आलाच नाही. महिन्याभरानं डॉक्टरांनी आत पाहिलं. गाठ होती, जुनीच होती. स्वरयंत्र काढलं. श्वासासाठी मानेला भोक ठेवलं. इथं मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नाही.

तळेगावच्या त्या मुलीनं रांगेतलं सगळं गाणं मोबाईलवर घेतलं होतं. भाऊंचं कळल्यावर तिनं ते मला पाठवलं. बँडला गायक मिळत नव्हता. मालक म्हणाला, हेच गाडीवर लावू, भाऊंना विचार. भाऊंनी मान हलवली.

वैशाखात वडगावातल्याच एका वरातीला त्यांना नेलं. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गळ्याला रुमाल होता. कर्ण्यातून त्यांचा आवाज सुटला, पोरं नाचायला लागली. भाऊंची मान आपोआप वळत होती, डावीकडे नायक, उजवीकडे नायिका. ओठ मिटलेले.

गाणं संपलं आणि कर्ण्यातूनच रांगेतली एक बाई कडाडली, "ओ दाढीवाले, खाली बसा की! समदी बसल्यात, तुमालाच काय झालं? आमाला ऐकू द्या!"

नवरदेवाचा दाढीवाला मामा दचकून रस्त्यावर खरंच खाली बसला. वऱ्हाड पोट धरून हसलं. मी मात्र भाऊंकडे पाहत होतो. त्या दिवशी रांगेत लोक वर्तमानपत्रं अंथरून बसले होते. ते गाणं ऐकायला बसलेत, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं आणि डोळे मिटून गाणाऱ्या भाऊंच्याही.

भाऊंनी बोट गोल फिरवून खूण केली. पुन्हा लाव.

मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर नवऱ्याकडचे चिडले.

भाऊंनी दिवाळी पाहिली नाही. वरातीत अजून तेच गाणं लागतं. मालक म्हणतो, ती बाई काप. मी कापलेली नाही. ती कडाडली की कुठल्याही गावात कुणीतरी दचकून बसतंच. मग इकडंतिकडं बघतं, कपडे झटकून उठतं आणि पुन्हा नाचायला लागतं.