उष्ट्या पाण्याचे दोडके

वडवणीत आमच्या गल्लीत एक मावशी राहते. तिच्याकडे जेवलं की हात धुवायला मोरीत जायचं नाही, मागच्या दारी दोडक्याच्या वेलापाशी वाकायचं. भांडी घासायची तिथंच, आंघोळीचा दगडही तिथंच. मी सभेहून घसा बसवून आलो की म्हणायची, "तोंड वेलापाशी धू रं बाबा. तुज्या भाषणानं न्हाई, निदान चुळीनं तरी काईतरी उगवंल."

भर वैशाखात गल्लीत हिरवं तेवढंच होतं. तेच लोकांच्या डोळ्यांत खुपलं. टँकर आला तेव्हा पाइप धरून उभ्या असलेल्या मेंबरानं तिचं टिपाड बाजूला सारलं.

"लोकांला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी टँकरवर भाजी पिकवता व्हय?"

त्या वेलानं टँकरचा ताजा थेंब कधी चाखला नव्हता, सगळं उष्टं-खरकटंच. आणि बोलत कोण होता, तर रोज अंगणात जीप धुणारा माणूस! मी तिथंच ओरडलो, तहसीलवर मोर्चा नेतो म्हणालो.

"मोर्चा निघंस्तवर प्यायचं काय रं?" मावशी म्हणाली.

ती मागच्या दारी गेली. कवळे दोडके तेवढे पदरात खुडले, वेल मुळासकट उपटला आणि फरफटत आणून टँकरपुढं टाकला.

"भरा आता."

टिपाड भरलं.

त्या दुपारी तिनं मला दोडक्याची भाजी वाढली. जेवून मी सवयीनं मागच्या दाराकडं निघालो.

"तिकडं कशाला?" ती म्हणाली. "मोरीत धू."