उसने ओरडणे

माझ्या धाकट्या बहिणीला किती भाषा येतात, हा प्रश्न आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर कधी पक्के नसते, कारण नवा माणूस आला की त्यात भर पडते. डहाणूजवळ नरपडला आमची चिकूची वाडी आहे. घरात मराठी. चिकू काढायला येणाऱ्या बायका आपसात वारली बोलतात, माल उचलणारा व्यापारी गुजराती, दारावर मासळी आणणारी बाई मांगेली, टेम्पोवाला हिंदी. या पट्ट्यात तीन भाषा येण्याचे कोणाला कौतुक नाही. त्याशिवाय इथे बाजार होत नाही. बहिणीचे निराळे होते. ती ज्याची भाषा बोलते, त्याच्याच आवाजात बोलते. त्याचा खोकला, त्याचे अडखळणे, त्याची शिवी, सगळे जसेच्या तसे.

ती आता चाळिशीला आली आहे. तिला ब्लाउजची बटणे लावता येत नाहीत. रस्ता ओलांडता येत नाही. तहान लागली की ती माठापाशी जाऊन उभी राहते. पाणी मागत नाही. कोणत्याच भाषेत मागत नाही.

ती लहान असताना आई-बाबा तिला मुंबईला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेले होते. सोबत मीही होते. डॉक्टरांनी तिला विचारले, पाण्याला गुजरातीत काय म्हणतात? ती गप्प. रोटीला? गप्प. तेवढ्यात खोली झाडायला एक गुजराती बाई आली आणि बहीण तिच्याशी आमच्या व्यापाऱ्याच्या आवाजात बोलू लागली. माल ओला आहे, आज उचलणार नाही, असे काहीतरी. ती बाई झाडू हातात धरून हसत उभी राहिली.

डॉक्टरांनी ‘सॅव्हंट’ हा शब्द सांगितला, म्हणजे बाकी सगळ्यात मागे आणि एकाच गोष्टीत विलक्षण. मग बराच वेळ समजावले. आपण शब्द जोडून वाक्य करतो. हिच्याकडे अख्खी वाक्येच साठलेली आहेत. ती वस्तूंना चिकटलेली नाहीत, माणसांना आणि प्रसंगांना चिकटलेली आहेत. जो छान बोलतो त्याला सगळे कळते आणि सगळे सांगता येते, हा आपला समज आहे, आणि तो या मुलीला महागात पडेल.

बाबांनी घरी येऊन एवढेच सांगितले, की पोरीचे डोके असाधारण आहे. उरलेले आईने लक्षात ठेवले.

आमच्या कुंपणापलीकडे एक गुजराती म्हातारी राहत असे. एका सकाळी ती न्हाणीच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. माणसे धावून येईपर्यंत ती ओरडत होती, “मरी गई रे! कोई आवो, मने ऊभी करो!” बहीण कुंपणाच्या तारेला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. चेहऱ्यावर तिच्या कधीच काही दिसत नाही.

काही महिन्यांनी, सगळे चहाला बसले असताना, ती अचानक त्याच आवाजात तेच ओरडली. म्हातारी तोवर वारली होती. बाबा दचकले, मग हसले. दादा तर लोळायचा बाकी होता. आईने नारळ खवणे थांबवले, बहिणीला उजेडात नेले आणि पायापासून वर तपासत गेली. कानात मुंगळा शिरला होता.

“दुखलं की ही दुसऱ्याचं ओरडणं ओरडते,” आई म्हणाली. “हिच्याकडे स्वतःचं नाहीये.”

पुढे दाढ दुखली तेव्हा तेच वाक्य. पायात काच गेली तेव्हा तेच. एरवी कधी नाही. ती नकला दिवसभर करायची, पण या वाक्याला दुखण्याशिवाय तोंड फुटत नसे. आईने हे दादाला सांगितले. लग्न होऊन वहिनी आली तेव्हा तिला सांगितले. शेवटच्या आजारपणात दोघांना समोर बसवून पुन्हा सांगितले. दोघांनी माना हलवल्या.

आई गेल्यानंतर दादाने वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईहून, सुरतेहून लोक येतात, झाडाखाली जेवतात, टोकाला जाळी बांधलेल्या बांबूने दोन-चार चिकू काढतात आणि फोटो घेतात. जेवण झाल्यावर बहिणीला बाहेर आणून बसवायची पद्धत पडली. पाहुणे आळीपाळीने पुढे येत.

“ताई, माझ्या भाषेत बोला ना!”

“अरे, ही तर आमच्या वॉचमनसारखी बोलते!”

“शाळा किती झाली यांची? काहीच नाही? कमाल आहे. आपल्या पोरांना इंग्रजी येईना.”

कोणीही कधी विचारले नाही, की तिने स्वतः काय सांगितले.

मी एका वर्तमानपत्रासाठी डहाणू आणि तलासरीच्या बातम्या देते आणि डहाणूत राहते. आठवड्यातून एकदा नरपडला जाते. दादा तिला जपतो, हे लिहिले पाहिजे. तिला स्वच्छ कपडे असतात, वेळेवर जेवण असते. तिच्यावर हात कोणी उगारलेला नाही.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते. यंदा दादा, वहिनी, वहिनीचा भाऊ आणि बहीण असे चौघे गेले. वहिनीचा भाऊ वापीला असतो आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकतो. मी त्या दुपारी तलासरीत होते, हायवेलगतच्या एका पाड्यातल्या पाणीटंचाईची बातमी करत होते. घरच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. खाली हसणारे चेहरे.

बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपुढे बहीण उभी. भोवती माणसांचे कडे. तिच्या तोंडून म्हातारीचा आवाज: “मरी गई रे! कोई आवो, मने ऊभी करो!” हशा. गोळेवाला हात जोडून म्हणतो, थेट आमच्या आईसारखी, “एकदम अमारी बा जेवी!” पुन्हा हशा. वहिनीचा भाऊ ओरडतो, “ताई, वन्स मोअर!” ती पुन्हा ओरडते. तिचा एक हात पोटावर आहे. फ्रेममध्ये तो हात अर्धाच दिसतो.

मी दादाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

“दादा, तिला काहीतरी होतंय. पोट दाबून बघ.”

“अगं, काही नाही होत. सकाळपासून नुसती फॉर्मात आहे. लोक सोडत नाहीयेत तिला.”

“सकाळपासून? हेच बोलतेय?”

“हेच. हिट आहे ते.”

“खाल्लं का तिने?”

“नाही. उन्हात कोण खातंय? आम्हीपण नुसता रस प्यालो.”

“आई काय सांगायची, आठवतंय ना?”

पलीकडे पिपाण्या वाजत होत्या. “आईचं काय घेऊन बसलीस,” तो म्हणाला. “तिला सगळ्यातच काहीतरी दिसायचं. बोलतेय ना एवढं खणखणीत? दुखत असतं तर बोलली नसती का?”

एवढा एक प्रश्न. बोलतेय, म्हणजे दुखले तर सांगेल. डॉक्टरांनी जे महागात पडेल म्हटले होते, ते हेच. दहा माणसांशी दहा तऱ्हेने बोलणारा माणूस आमच्याकडे हुशार समजला जातो, आणि हुशाराची चौकशी करायची नसते.

तलासरीहून विवळवेढ्याचा रस्ता एरवी फार नाही. जत्रेत हायवेवर ट्रक आणि जीप एकमेकांना चिकटून उभ्या असतात. मी पोहोचले तेव्हा कडे मोडले होते, कारण बहीण खाली बसली होती आणि तिचा आवाज बारीक झाला होता. वाक्य तेच होते. वहिनी तिच्या डोक्यावर पदर धरून उभी होती. “ऊन लागलं वाटतं,” ती म्हणाली. मी बहिणीच्या पोटाच्या उजव्या बाजूला बोटे टेकवली. ती माझ्या मनगटाला चावली.

अपेंडिक्स फुटले होते. वापीच्या रुग्णालयात त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर केरळच्या नर्सेसचे आपसातले बोलणे ऐकून ती त्यांच्यातल्या एकीशी मल्याळममध्ये काही बोलली, आणि त्या नर्सने दुसऱ्या नर्सला बोलावून आणले.

मी वहिनीच्या भावाला व्हिडिओ काढून टाकायला सांगितले.

“अहो, किती लोकांनी पाहिलाय तो!” तो म्हणाला. “आणि ताईंना कुठे कळतंय? उलट नाव झालं त्यांचं.”

नाव खरेच झाले. आता वाडीवर येणारे पाहुणे व्हिडिओ पाहूनच येतात. जेवण झाले की फर्माईश एकच असते. “ते म्हातारीचं करा ना. मरी गई रे!” सुरुवातीला बहीण गप्प राहायची. मग वहिनीला सुचले, की ती बोलल्यावर तिला क्रीमचे बिस्किट द्यावे. क्रीमच्या बिस्किटाला ती कधीही नाही म्हणत नाही. काही दिवसांत ती बोलू लागली. आता पाहुण्यांच्या ताटल्या उचलायला लागल्या, की न सांगताही बोलते आणि हात पुढे करते.

मी दादाला म्हटले, तिच्याकडे हे एकच होते. आता ते कशासाठी आहे, कसे ओळखायचे?

“डॉक्टरकडे नेऊ की दर महिन्याला,” तो म्हणाला. “तू कशाला एवढं मनावर घेतेस?”

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. बहीण सकाळपासून तेच ओरडत होती.

“पाहुणे आहेत?” मी विचारले.

“होते. नाश्ता करून गेले.”

“त्यांनी करायला सांगितलं होतं?”

“सांगितलं असेल. मी आत होते. रोजचंच आहे, पण म्हटलं तुम्ही नंतर बोलाल, म्हणून फोन केला.”

मी गेले. तिला गाडीत बसवून डहाणूला नेले. डॉक्टरांनी पोट, कान, दात, घसा पाहिला, रक्त तपासले. काही सापडले नाही. येताना ती संपूर्ण रस्ताभर म्हातारीच्या आवाजात उठवायला सांगत होती. घरी पोहोचल्यावर वहिनी पायरीवर आली आणि तिने पुडा फोडून बिस्किट पुढे केले.

बहिणीने बिस्किटाकडे पाहिले. घेतले नाही. तिचे बोलणे थांबले नाही.

मी तिला पुन्हा गाडीत बसवले आणि वापीच्या रस्त्याला लागले.